कोणतं 'व्हिच'?

'नमस्कार टीचर. मी साखळीची. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पाचवीपासून इंग्लिश मीडियम. आता कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, बहुतेक नाइट शिफ्ट. सकाळच्या शिफ्टसाठी लॉगबुकात नोंद करून ठेवावी लागते. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं: "द कार ऑफ द गेस्ट इन २०४ हू कम्प्लेन्ड अबाउट द एसी व्हिच इज नॉट स्टार्टिंग मस्ट बी चेक्ट बिफोर सेव्हन." चालू होत नव्हती ती गाडी, पाहुण्यांनी भाड्याने घेतलेली. एसीची तक्रार आदल्या दिवशीची, ती मिटलीही होती. पाहुणे कोणते ते कळावं म्हणून लिहिलं. त्यांना साडेसातला मोपाला, विमानतळावर, निघायचं होतं. सकाळच्या मुलाने एसीवाल्याला शिडी घेऊन खोलीत पाठवलं. गाडी तशीच. पाहुणे टॅक्सीने गेले आणि जाताना काय बोलायचं ते बोलून गेले. मॅनेजरनी माझ्या नोंदीखाली लाल पेनाने एकच शब्द लिहिला, "व्हिच?", जे मला खूप लागलं. माणसाला हू, वस्तूला व्हिच, हे मला पाठ आहे. मग चुकलं कुठे? सोबतचा मुलगा म्हणतो, व्हिचच्या भानगडीत पडू नकोस, "द सेम" लिही. रजेच्या अर्जातलं एक वाक्यही खाली लिहिलंय, तेही बघा. आणि तो लाल प्रश्न लॉगबुकात अजून तसाच आहे. त्याच्याखाली काही लिहायचं का?'

साखळीची एक वाचक

पोरी, तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. तीस वर्षं शाळेत काढली की तोंडात तेच बसतं.

पत्राचा सूर रडवेला आहे म्हणून आधी हे सांगून टाकते: तुझं वाक्य व्याकरणाने चुकलेलं नाही. मोबाइलवर लिहिलं असतंस तरी त्याने खाली लाल रेघ ओढली नसती. गाडी ही वस्तू, एसी हीही वस्तू, दोघांनाही 'व्हिच' चालतं, आणि दोन्ही वस्तूंना बंद पडायची सवय आहे. सकाळच्या मुलाने वाचलं, 'व्हिच'च्या अगदी पुढ्यात एसी उभा होता, त्याने एसीवाल्याला बोलावलं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. उलट तो मुलगा इंग्रजी बरोबर वाचतो असं म्हणायला हवं.

आता तेच वाक्य मराठीत मांडून बघ, शब्दांचा क्रम न हलवता. '२०४ मधल्या पाहुण्याची गाडी, ज्याने एसीची तक्रार केली होती, जी चालू होत नाही, ती सातच्या आत तपासा.' ओबडधोबड आहे. असं कोणी बोलत नाही. पण एसीवाला शिडी घेऊन येणार नाही, हे नक्की. 'ज्याने' म्हटल्यावर तो पाहुणा. 'जी' म्हटल्यावर ती गाडी. एसी बंद असता तर तू 'जो चालू होत नाही' असं लिहिलं असतंस, आणि तेही विचार न करता.

शाळेत सर्वनामांचे सहा प्रकार घोकलेस ना, त्यातलं हे संबंधी सर्वनाम. जो, जी, जे. अनेकवचनात जे, ज्या, जी. मग ज्याला, जिला, ज्यांना, जिच्या, ज्यांच्या. किती रूपं ती, आणि परीक्षेच्या वेळी त्यांचा किती राग यायचा. पण यातली बहुतेक रूपं आपल्या धन्याचा पत्ता कपाळावर लिहून फिरतात. धनी चार शब्द मागे असो की दहा, लिंग-वचन जुळलं की वाचणारा बरोबर त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. इंग्रजी 'व्हिच'च्या कपाळावर काहीच लिहिलेलं नाही. पुल्लिंगी नाही, स्त्रीलिंगी नाही, एक नाही, अनेक नाहीत. धनी माणूस नाही, एवढंच ते सांगतं. बाकी सगळा भरवसा जागेवर. चोडणच्या फेरीबोटीला गाड्या लागतात तसं समज: जी गाडी तुझ्या पुढे, तिच्याच मागे तू.

तू मराठी शाळेतून आलीस, त्यामुळे तुझ्या डोक्यात 'जी' पक्कं होतं. हाताने 'व्हिच' लिहिलं, मनात 'जी' वाजलं, आणि तुला वाटलं की गाडीचं सांगून झालं. 'जी' मनातच राहिली. कागदावर उतरताना तिचं स्त्रीलिंग गळून गेलं. मराठी माध्यमातली मुलं इथे अडखळतात ती इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. आपल्या भाषेने हे काम इतकी वर्षं फुकट करून दिलेलं असतं की ते काम आहे हेच लक्षात येत नाही.

आमच्या घरात बोलायला कोंकणी, वाचायला मराठी, आणि वडील पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या लायसियममध्ये शिकलेले. मुक्तीनंतर इंग्रजी आलं तेव्हा ते त्यांना उतारवयात शिकावं लागलं. पोर्तुगीजमध्येही साधा 'के' आहे, त्याला लिंग नाही. पण घोटाळा व्हायला लागला की 'ओ क्वाल', 'आ क्वाल' असं पुल्लिंग-स्त्रीलिंग उघड करून सांगता येतं. इंग्रजीत तशी सोय शोधून ते दमले. मी अभ्यासाला बसले की येऊन विचारायचे, 'हें तुमचें व्हिच दादलो काय बायल?' मला तेव्हा तो चावटपणा वाटायचा. पुढे बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा कळलं की प्रश्न अगदी नेमका होता.

आणि आपली कोंकणी तर आणखी पुढे. तिथे चेडूं, म्हणजे मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी. 'जें चेडूं काल आयलें तें'. म्हणजे लिंगाचा बाई-पुरुषाशी संबंध असतोच असं नाही, पण खूण म्हणून ते चोख काम करतं. १५७९ साली गोव्यात आलेले फादर स्टीफन्स इंग्रज होते. सासष्टीत राहून त्यांनी मराठीत हजारो ओव्या रचल्या, १६१६ साली रायतूरला त्या ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापूनही झालं. इंग्रज माणसाला जो-जी-जे अंगवळणी पाडायला किती रात्री लागल्या असतील असं मला नेहमी वाटतं. तुला उलट्या दिशेने जायचंय, ते मानाने सोपं आहे.

सोपं कसं, ते सांगते. लिहून झालं की प्रत्येक 'हू', 'व्हिच', 'दॅट'वर बोट ठेव. त्या जागी मनात मराठी रूप घाल: जो, जी, जे, ज्याने, जिला, जे काय असेल ते. मराठी रूप घालायचं म्हणजे तुला लिंग ठरवावं लागेल, आणि लिंग ठरवायचं म्हणजे धनी ठरवावा लागेल. 'जी' म्हणालीस? म्हणजे गाडी. आता बोट मागे सरकव आणि पहिलं नाम कोणतं लागतं ते बघ. एसी लागला. झालं, इथेच चोर सापडला. अर्धं मिनिट लागतं. वर्गात मी मुलांना पेन्सिलीने 'व्हिच'पासून मागच्या नामापर्यंत बाण काढायला लावायची. बाण एखाद्या दुसऱ्या नामावरून उडी मारून गेला की ते वाक्य पुन्हा लिहायचं. तुला लॉगबुकात बाण काढता येणार नाहीत, बोट पुरे.

'व्हिच'च्या जागी 'दॅट' घालून भागेल असं वाटेल. भागणार नाही, 'दॅट'ही तितकंच आंधळं आहे आणि त्याला माणूस-वस्तू हा भेदसुद्धा नाही.

पुन्हा लिहायचं ते कसं? इथे एक गंमत बघ. तू 'द कार ऑफ द गेस्ट' लिहिलंस. त्या 'ऑफ'मुळे गाडी पुढे निघून गेली आणि मागे पाहुणा, खोली, तक्रार, एसी अशी वरात लागली. त्याऐवजी 'द गेस्ट्स कार' लिही. एका अपॉस्ट्रॉफीने गाडी सरकून शेवटी येते, अगदी आपल्या 'पाहुण्याची गाडी'सारखी, आणि तिच्या मागे 'व्हिच' लगेच चिकटवता येतं: 'द गेस्ट्स कार, व्हिच इज नॉट स्टार्टिंग.' मराठी माणसाला हा क्रम जवळचा वाटतो, म्हणून मी नेहमी हाच आधी शिकवते. फक्त एक सांभाळ. 'द गेस्ट्स कार हू कम्प्लेन्ड' असं लिहू नकोस. 'गेस्ट्स' हे तिथे 'पाहुण्याची' झालंय, विशेषणासारखं बसलंय, त्याला 'हू' टेकत नाही. वाचणाऱ्याला वाटतं गाडीनेच तक्रार केली. कळंगुटच्या रस्त्यांवर तिने केली असती तरी नवल नाही म्हणा.

दुसरा रस्ता म्हणजे माहितीतलं काही चक्क काढून टाकणं. एसीची तक्रार मिटली होती ना? मग ती नोंदीत कशाला? पाहुणा ओळखू यावा म्हणून, असं तू म्हणतेस. पण खोलीचा नंबर दिला होतास की. २०४ मध्ये त्या रात्री दुसरं कोण असणार होतं? मला वाटतं तुझा घोटाळा 'व्हिच'च्याही आधी झाला, जास्तीची ओळख द्यायच्या नादात. आपल्याकडे माणसाची ओळख देताना गाव, घराणं, सोयरीक सगळं सांगायची पद्धत आहे. बोलताना ती गोड वाटते. लॉगबुकात प्रत्येक जास्तीचं नाम म्हणजे 'व्हिच'ला चुकून लटकायला आणखी एक खुंटी.

मराठीत आपण ही सगळी माहिती नामाच्या आधी रचतो. 'काल एसीची तक्रार केलेल्या पाहुण्यांची बंद पडलेली गाडी.' केलेल्या, पडलेली. संबंधी सर्वनाम लागलंच नाही. डोक्यावर पाटी, पाटीवर पाटी, आणि सगळ्यात शेवटी नाम. इंग्रजीला एवढं ओझं डोक्यावर पेलत नाही, ती ते मागे शेपटीसारखं ओढते. एक शेपूट ठीक. दोन शेपट्या एकामागे एक लावल्या की दुसरी पहिलीत गुंतते. तुझ्या वाक्यात 'हू'ची एक आणि 'व्हिच'ची एक, अशा दोन होत्या, आणि दुसरी नेमकी पहिलीच्या टोकाला चिकटली. माझा साधा हिशोब असा: एका वाक्यात दुसरं 'हू-व्हिच' यायला लागलं की तिथे पूर्णविराम द्यायचा. मॅनेजर दोन छोट्या वाक्यांना हसत नाहीत.

आता माझी गोष्ट, म्हणजे तुला बरं वाटेल. नोकरीची पहिली काही वर्षं झाली होती. शाळेचं नाव घेत नाही. इंग्रजीत मागे पडलेल्या मुलांसाठी शनिवारी जादा तास ठेवायचे होते, पालकांशी बोलायचं होतं. मी ऐटीत नोटीस काढली: 'पेरेंट्स ऑफ स्टुडंट्स हू आर वीक इन इंग्लिश शुड मीट द टीचर ऑन सॅटर्डे.' शनिवारी एक गृहस्थ आले. काजूची बागायत, पांढरा स्वच्छ सदरा, हातात नोटिशीचा कागद घडी घातलेला. नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, 'टीचर, म्हजें इंग्लिश वीक हें तुमकां कोणें सांगलें?' मुलगा त्यांचा वर्गात पहिल्या पाचात. मी मुलगा कोणता ते विचारायच्या आत त्यांनी कागद उलगडून 'पेरेंट्स'वर बोट ठेवलं. मला काही बोलायला जागाच राहिली नाही. नोटिशीप्रमाणे ते अगदी योग्य दिवशी, योग्य ठिकाणी आले होते.

या वाक्यात 'स्टुडंट्स' जवळ होते, तरी घोटाळा झाला, हे लक्षात घे. 'पेरेंट्स ऑफ स्टुडंट्स' हा सगळा एकच गठ्ठा म्हणूनही वाचता येतो आणि 'हू' त्या गठ्ठ्यालाही लागू शकतं. म्हणजे जवळचं नाम हा नियम चांगला आहे, पण 'अ ऑफ ब'च्या पुढे 'हू' आलं की तो लटपटतो. दोन्ही माणसं, दोन्ही अनेकवचनी, कशाचाच आधार नाही. तिथे एक पालक असते तर? 'द पेरेंट ऑफ स्टुडंट्स हू इज' लिहिलं तर पालक, 'हू आर' लिहिलं तर मुलं. क्रियापदाने धनी दाखवून दिला असता. 'द सन ऑफ द नेबर्स हू लिव्हज इन म्हापसा' म्हटलं की म्हापशाला राहतो तो मुलगा, 'हू लिव्ह' म्हटलं की शेजारी. इंग्रजीत जो-जी-जेचा एवढाच काय तो अवशेष उरलाय, त्या एका 'एस'मध्ये. आणि तोही वर्तमानकाळापुरता. 'हू लिव्हड' म्हटलं की संपलं, 'वॉज-वेअर' तेवढं शिल्लक राहतं. म्हणून या 'एस'वर विसंबू नकोस. वाचणारा घाईत असला की तो त्याला दिसतही नाही.

नोटीस मी पुढच्या वर्षी बदलली: 'इफ युअर चाइल्ड नीड्स हेल्प इन इंग्लिश, प्लीज मीट द टीचर ऑन सॅटर्डे.' 'हू' गेलं, 'वीक'ही गेलं. ते गृहस्थ मात्र नंतरही दर वर्षी शनिवारी येऊन बसायचे आणि मुलांसाठी काजू देऊन जायचे.

एका 'व्हिच'ने एवढं काय होणार असं तुझ्या सोबतच्या मुलाला वाटत असेल, तर त्याला अमेरिकेची एक केस सांग. २००३ सालची, बार्नहार्ट विरुद्ध थॉमस. थॉमसबाई लिफ्ट चालवायच्या. १९९५ मध्ये ती जागाच बंद झाली. पुढे तब्येतीच्या कारणाने त्यांनी सरकारकडे अपंगत्वाचा भत्ता मागितला. कायद्यात म्हटलं होतं, त्याचा मतितार्थ असा: माणसाला आपलं आधीचं काम करता येत नसेल, शिवाय देशात अस्तित्वात असलेलं दुसरं कुठलंही पोटापाण्याचं काम करता येत नसेल, तरच भत्ता. इंग्रजीत आधी 'प्रीव्हियस वर्क', मग 'एनी अदर काइंड ऑफ… वर्क', आणि त्यानंतर 'व्हिच एग्झिस्ट्स इन द नॅशनल इकॉनॉमी'. सरकार म्हणालं, तुम्ही अजून लिफ्ट चालवू शकता, भत्ता नाही. बाई म्हणाल्या, अहो, लिफ्ट चालवायची नोकरी आता राहिली आहे कुठे? म्हणजे प्रश्न हाच: ते 'व्हिच एग्झिस्ट्स' दोन्ही कामांना लागू, की फक्त दुसऱ्या?

खालच्या कोर्टाने बाईंचं म्हणणं मानलं. सुप्रीम कोर्टाने एकमताने फिरवलं: 'व्हिच' ज्याच्या मागे उभं आहे त्यालाच लागू, त्याच्या आधीच्याला नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांनी निकालात एक घरगुती उदाहरण दिलं. आईवडील बाहेरगावी जाताना मुलाला बजावतात, पार्टी केलीस किंवा घराचं नुकसान होईल असं दुसरं काहीही केलंस तर शिक्षा होईल. मुलाने पार्टी केली, घराला ओरखडाही आला नाही. तरी शिक्षा? होय, कारण 'नुकसान होईल असं' हे 'दुसरं काहीही'ला लागतं, पार्टीला नाही. वकील याला शेवटच्या नामाचा नियम म्हणतात. संदर्भ स्पष्ट उलटा असेल तर तो बाजूला ठेवता येतो, हेही कोर्टाने म्हटलं. तरी बाईंचा भत्ता गेला तो गेलाच. तुझा सकाळचा मुलगा आणि सुप्रीम कोर्ट, दोघांनी 'व्हिच' एकाच पद्धतीने वाचलं.

आता तुझा रजेचा अर्ज. 'आय मिस्ड द फर्स्ट बस अँड केम लेट इन येस्टरडेज यूनिफॉर्म, व्हिच आय रिग्रेट.' तुला खेद कशाचा वाटतो? उशिरा आल्याचा, कालचा यूनिफॉर्म घातल्याचा, की यूनिफॉर्मचाच? साखळीहून म्हापसा, म्हापशाहून कळंगुट, असं सकाळी धावतपळत येणाऱ्या मुलीला यूनिफॉर्मचाही खेद वाटू शकतो, मी नाही म्हणत नाही. हे 'व्हिच' एका नामाला लागत नाही, मागच्या सगळ्या वाक्याला लागतं. इंग्रजी लोक असं सर्रास लिहितात आणि बोलण्यात ते खपतंही. पण मागे एकाहून जास्त गोष्टी घडल्या असल्या की ते पाण्यात सोडलेल्या दोरीसारखं होतं. अशा वेळी एक नाम पुढे घाल: 'आय रिग्रेट द डिले.' संपलं. यूनिफॉर्मबद्दल मॅनेजरनी काही विचारलं नसेल तर आपण होऊन सांगू नकोस.

आणि इथे तुझ्या मराठीचा कान पिळते. पत्रात तू लिहिलंस, 'मॅनेजरनी "व्हिच?" लिहिलं, जे मला खूप लागलं.' हे 'जे' कुठून आलं, सांग बघू? तुझी आजी असं बोलेल? ती म्हणेल, 'ते मला लागलं', किंवा 'त्याचं मला वाईट वाटलं'. हे इंग्रजीचं 'व्हिच' आहे, मराठी वेष घालून आलेलं. टीव्हीच्या बातम्यांतही ते येतं आणि आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय. तू इंग्रजीत मराठी 'जी' घेऊन गेलीस आणि मराठीत इंग्रजी 'व्हिच' घेऊन आलीस. फेरी दोन्ही बाजूंनी भरून चाललीय म्हणायची.

'द सेम'बद्दल मी पत्रात उत्तर देते ते जरा चिडूनच. 'गेस्ट रिपोर्टेड कार अँड एसी, प्लीज चेक द सेम.' काय सेम? सरकारी पत्रव्यवहारात वर्षानुवर्षं मुरलेला हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, म्हणून लोकांना वाटतं तो नेमका आहे. 'व्हिच' निदान मागच्या नामाकडे बोट दाखवतं. 'द सेम' नुसतंच मान हलवतं. त्या मुलाला सांग, नाम पुन्हा लिहायला लाजू नये. 'चेक द कार.' एकच शब्द दोनदा आला की कोणी गुण कापत नाही, ती भीती आपल्याला निबंधाच्या तासाला लागलेली असते.

बाकी बारीकसारीक भराभर सांगते. स्वल्पविराम जपून वापर. 'स्टाफ हू टुक लीव्ह फॉर चवथ विल वर्क ऑन दिवाळी' म्हणजे चवथीला ज्यांनी रजा घेतली तेवढेच दिवाळीला कामावर. 'स्टाफ, हू टुक लीव्ह फॉर चवथ, विल वर्क ऑन दिवाळी' म्हणजे सगळ्यांनीच चवथीला रजा घेतली होती आणि आता सगळेच कामावर, नरकासुराची रात्र जागूनसुद्धा. मराठीत आपण हा फरक स्वल्पविरामाने करत नाही, 'ज्यांनी… त्यांनी' अशी जोडी लावून करतो, म्हणून आपल्या हाताला ती सवय नसते. त्याच जोडीच्या सवयीने 'व्हिच बॅग इज ब्लॅक, दॅट इज माइन' असं येतं. जी बॅग काळी ती माझी. मराठीत सुरेख, इंग्रजीत 'द ब्लॅक बॅग इज माइन' पुरे. आणि 'हूज' फक्त माणसांनाच लागतं असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. 'द रूम हूज एसी इज नॉट वर्किंग' हे चांगलं इंग्रजी आहे. 'हूम'ची चिंता रिसेप्शनवर करू नकोस, पाहुणेच करत नाहीत.

तर तुझी नोंद अशी झाली असती:

'रूम २०४. द गेस्ट्स रेंटेड कार इज नॉट स्टार्टिंग. गेस्ट लीव्हज फॉर मोपा ॲट सेव्हन थर्टी. प्लीज गेट द कार चेक्ट बिफोर सेव्हन.'

खोलीचा नंबर आणि तीन वाक्यं, 'हू-व्हिच' एकही नाही. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या सुमारास, डोळे मिटत असताना लिहायची तर अशीच. दुपारी निवांत बसून जनरल मॅनेजरना मेल लिहिशील तेव्हा हवं तर 'व्हिच' घाल, बोट ठेवून.

लाल प्रश्नाचं विचारलंस. मॅनेजर चिडले असतील, पण त्यांनी 'रॉंग' लिहिलं नाही की 'केअरलेस' लिहिलं नाही. 'व्हिच?' लिहिलं. हे प्रश्नार्थक सर्वनाम आहे, आणि प्रश्न सरळ आहे: कोणतं? निळं पेन घे, त्याच्याखाली 'द कार, सर' लिही, तारीख घाल आणि सही कर.